जलाशयाचा कांठ कोणाचा?

श्रम करणाऱ्या मनुष्यास विसावा हवा असतो, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती सिद्ध करीत बसण्याचें प्रयोजन नाहीं. ज्यास आठवड्यांतून सहा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर किंवा कचेरीच्या घड्याळावर चालावें लागतें, त्याचें मन सातव्या दिवशीं मोकळी हवा, हिरवे डोंगर आणि पाण्याचा विस्तार यांकडे धांव घेतें. परंतु हा विसावा घेण्यासाठीं लोकांनीं जावें कोठें, आणि ते जेथें जातात तेथें त्यांची सोय, त्यांचें जीवित व पाण्याची शुद्धता यांची काळजी कोणीं वाहावी, हा प्रश्न मात्र तितकासा सोपा नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही राहतों तें उरवडे गांव मुळशी तालुक्यांत, पिरंगुटाहून मुठा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आठवडाभर हा रस्ता आमचा असतो. शाळेंत जाणारीं मुलें, दुधाचे कॅन बांधलेल्या दुचाक्या आणि कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार यांचाच काय तो त्यावर राबता. परंतु आषाढाची पहिली सर पडली कीं, रविवारीं सकाळपासून शहराच्या मोटारींची रांग लागते. ही सारी मंडळी टेमघर धरणाकडे व त्यापुढील घाटाकडे निघालेली असतात. सायंकाळीं तींच वाहनें परत फिरतात, आणि सोमवारीं सकाळीं रस्त्याच्या कडेस बाटल्या, पत्रावळी व खाद्यपदार्थांचे रिकामे पुडे यांचा खच पडलेला दिसतो. आमच्या गांवचे लोक यावर चिडतात. त्यांचें चिडणें अगदींच अयोग्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून मुलांबाळांसह निघून येणाऱ्या त्या मनुष्यासही पाणी पाहावेंसें वाटतें, यांत त्याचा अपराध तो कोणता?

पुण्याच्या पश्चिमेस अशा पाण्याची वाण नाहीं. मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगांव, आंबीवर पानशेत, आणि या तिन्ही धरणांचें पाणी जेथें येऊन मिळतें तें खडकवासला, अशी ही साखळी आहे. टेमघरांत ३.७१, वरसगांवांत १२.८२, पानशेतांत १०.६५ व खडकवासल्यांत १.९७ अब्ज घनफूट, म्हणजे एकंदर सुमारें २९ अब्ज घनफूट उपयुक्त पाणी सांठतें. यांपैकीं खडकवासला सर्वांत लहान, परंतु सर्वांत जुनें. त्याचें काम १८६९ मध्यें सुरू होऊन १८७९ मध्यें पुरें झालें, व तें बांधणाऱ्या कर्नल फाइफ यांच्या नांवावरून त्या जलाशयास पूर्वीं फाइफ तलाव म्हणत. पुढें सर विश्वेश्वरय्या यांनीं योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ सालीं प्रथम येथेंच बसविण्यांत आले. हेंच पाणी पुणें शहर पितें, आणि याच पाण्यावर कालव्यांतून हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतें भिजतात. म्हणून या जलाशयांचा कांठ म्हणजे केवळ एक रम्य स्थळ नव्हे. तो लक्षावधि लोकांच्या पिण्याच्या घागरीचा कांठ आहे, हें प्रथम ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

सांठविलेल्या पाण्याजवळ लोकांच्या विरंगुळ्याची सोय करणें ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं तळें बांधविलें व त्यांत बेट राखून बाग केली. तळें कालांतरानें गेलें, परंतु सारसबाग या नांवानें ती जागा अद्यापि पुणेकरांस विसावा देत आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून मुळामुठेवर बंधारा झाला तो शहरास पाणी मिळावें म्हणून. त्याच्या शेजारीं बंडगार्डन ही बाग झाली. अधिक मोठें उदाहरण पाहावयाचें तर म्हैसूरजवळील कृष्णराजसागराच्या वृंदावन उद्यानाचें पाहावें, व त्याच धर्तीवर पैठणास नाथसागराच्या पायथ्याशीं केलेल्या संत ज्ञानेश्वर उद्यानाचें पाहावें. या दोन्ही बागा धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगास आहेत, सांठ्याच्या कांठावर नाहींत. त्यामुळें तेथें जमणाऱ्या गर्दीची घाण पिण्याच्या पाण्यांत जात नाहीं. योजना करणारांनीं शिकण्याजोगा हा पहिला धडा. दुसरा धडा दुःखाचा आहे. पैठणचें उद्यान एके काळीं मराठवाड्याचें भूषण होतें. पुढें देखभालीअभावीं त्याची रया गेली. बाग लावणें हें एका वर्षाचें काम, ती राखणें हें मात्र प्रत्येक वर्षाचें काम, हें लक्षांत न घेतल्यास काय होतें तें तेथें दिसून आलें.

आतां या प्रश्नाची जी बाजू लिहितांना हात जड होतो, तिच्याकडे वळूं. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यांत ३० जून २०२४ रोजीं एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून जाऊन मृत्यु पावले. त्याच्या अगोदर सव्वा महिना, २१ मे २०२४ रोजीं, उजनी जलाशयांत कुगांव व कळाशी यांच्यामधील बोट वादळांत उलटून सहा जण बुडाले. ती बोट सहलीची नव्हती, नेहमींच्या वाहतुकीची होती. परंतु पाणी असा भेद करीत नाहीं. अशा प्रत्येक प्रसंगानंतर चार दिवस हळहळ होते, वर्तमानपत्रांत ‘पर्यटकांनीं काळजी घ्यावी’ असें छापून येतें, आणि पुढल्या पावसांत पुन्हां तेंच. काळजी घ्यावी हें खरें. पण ती कशी घ्यावी हें त्यांस कोणीं सांगितलें?

या ठिकाणीं आमचा स्वतःचा एक अपराध कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं वार्षिक परीक्षा आटोपल्यावर आम्ही नववीच्या मुलांस घेऊन एका जलाशयाच्या कांठीं वनभोजनास गेलों होतों. पाण्यांत उतरण्यास मनाई असल्याची पाटी तेथें होती, परंतु तिचीं अक्षरें पुसट झालीं होतीं. मुलांस पाण्यांत न उतरण्याची ताकीद देऊन आम्ही निश्चिंतपणें सावलींत बसलों. मुलें आज्ञाधारक होतीं. तीं पाण्यांत उतरलीं नाहींत. परंतु पाणी आटून अलीकडे भेगाळलेल्या मातीचें मोठें मैदान पडलें होतें, तेथें त्यांचा क्रिकेटचा खेळ सुरू झाला. चेंडू पाण्याच्या दिशेनें गेला, एक मुलगा त्यामागें धांवला, आणि पाहतां पाहतां मांड्यांपर्यंत गाळांत रुतला. जों जों तो पाय ओढी, तों तों अधिकच खालीं जाई. दुसरा त्यास हात देण्यास गेला, तोही गुडघ्यांपर्यंत फसला. आम्ही ओरडण्यापलीकडे कांहींएक करूं शकलों नाहीं. इतक्यांत शेजारीं गुरें वळणारे एक वृद्ध गृहस्थ काठी व दावें घेऊन धांवत आले. “हलूं नगा, पोरांनूं, आडवं व्हा, आडवं!” असें ओरडत त्यांनीं करवंदीच्या फांद्या तोडून चिखलावर पसरल्या, स्वतः पोटावर पडून पुढें सरकले, आणि दाव्याच्या आधारानें एकामागून एक दोघांसही ओढून काढिलें. मुलें रडत होतीं. आमची स्थिति त्यांहून फारशी निराळी नव्हती. आम्ही त्यांचे आभार मानूं लागलों, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “गुरुजी, वरनं वाळलं म्हनून खालनं बी वाळलंय असं न्हाई. आमची जनावरं सुदिक हितं जात न्हाईत.”

वाचकहो, आम्ही शाळेंत भूगोल शिकवितों. नदी गाळ कसा वाहून आणते व सांठलेल्या पाण्यांत तो कसा तळाशीं बसतो, याची आकृति आम्हीं फळ्यावर कित्येकदां काढली असेल. तरी जी गोष्ट त्या गृहस्थांच्या गुरांस ठाऊक होती, ती आम्हांस त्या दिवशीं ठाऊक नव्हती. तें ज्ञान कांठावर होतें. तें येणाऱ्या मनुष्यापर्यंत पोहोंचविण्याची व्यवस्था तेवढी नव्हती. तेव्हांपासून आमचें असें मत झालें आहे कीं, अशा ठिकाणीं सोयी करणें म्हणजे उपाहारगृहें व झगझगीत दिवे उभारणें नव्हे; कांठावरील ज्ञान आणि येणारा मनुष्य यांची गांठ घालून देणें हें त्यांतील मुख्य काम होय.

आजवर दोनच उपाय योजिले जातात. पहिला बंदीचा. दुर्घटना झाली कीं मनाईचा हुकूम निघतो व पाट्या लागतात. संकटाच्या ऐन दिवसांत बंदी अवश्य असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बारा महिने बंदी लावून कोणतेंही खातें आपल्या कर्तव्यांतून मुक्त होत नाहीं. बंदी असली तरी लोक येतातच. फक्त जेथें चार माणसें त्यांस पाहतील तेथें न येतां, आडवाटेनें, जेथें हांक मारली तरी ऐकूं जाणार नाहीं अशा कोपऱ्यांत उतरतात. दुसरा उपाय ठेक्याचा. राज्याच्या जलसंपदा खात्यानें २०१९ सालीं धरणांजवळचीं विश्रामगृहें व मोकळ्या जागा खासगी भागीदारीनें पर्यटनासाठीं विकसित करण्याचें धोरण आखलें. ओस पडलेल्या इमारती वापरांत याव्या, हा हेतु वाईट नाहीं. परंतु ठेकेदार भांडवल घालणार तें नफ्यासाठीं. आणि ज्याच्यापासून नफा होत नाहीं असा मनुष्य हळूहळू फाटकाबाहेर राहणार. आमच्याच तालुक्यांत वरसगांव जलाशयाच्या कांठीं लवासा नांवाचें खासगी नगर उभारूं लागलें. नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय पर्यावरण खात्यानें तें काम थांबविण्यास सांगितलें. २०१८ सालीं ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं गेली. पाणी सार्वजनिक आणि कांठ खासगी, अशी वांटणी करून पाहिल्याचें हें फळ सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

मुळशीच्या मनुष्यास हा विषय केवळ सोयीगैरसोयीचा वाटत नाहीं, त्यास कारण आहे. वीज उत्पन्न करण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळेवर धरण बांधण्यास घेतलें, तेव्हां १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापटांनीं त्यापायीं दीर्घ कारावास सोशिला. तरी धरण झालें. भाताचीं खाचरें, घरें व देवळें पाण्याखालीं गेलीं. पुढें पानशेत व वरसगांवच्या खोऱ्यांतही गांवें उठलीं. ज्या पाण्याचें दृश्य पाहण्यासाठीं आज पैसे मोजले जातात, त्याच्या तळाशीं कोणाचें तरी अंगण आहे. ज्यानें तें दिलें, त्याच्या नातवानें त्याच कांठावर फाटकाशीं पहारेकरी म्हणून उभें राहावें आणि आंत मालकी दुसऱ्याची असावी, हें न्यायाचें नाहीं.

मग करावें काय? आमच्या मतें कोणत्याही जलाशयाच्या कांठाची योजना एका क्रमानें झाली पाहिजे: आधीं पाण्याचा विचार, मग गांवाचा, मग पाहुण्याचा. हा क्रम उलटा केला कीं तिघांचेंही नुकसान होतें.

पाण्याचा विचार म्हणजे असा. तलाव आणि धरणाचा सांठा यांत मोठें अंतर आहे. सांठ्याची पातळी पावसाळ्याअखेर पूर्ण भरते आणि उन्हाळ्यांत कितीतरी खालीं जाते; आज जेथें कांठ आहे तेथें तो उद्यां नसतो. म्हणून शौचकूप, स्वयंपाकाच्या जागा व वाहनतळ हीं सर्व पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेपासून पुष्कळ वर व दूर असावीं, आणि त्यांचें सांडपाणी सांठ्याकडे न वळतां दुसरीकडे मुरावें. होड्यांसाठीं दगडी धक्का न बांधतां पाण्याबरोबर वरखालीं होणारा तरंगता धक्का करावा. होड्या वल्ह्यांच्या असाव्या; तेल सांडणाऱ्या यंत्रांच्या नकोत. जीवरक्षक जाकीट घातल्यावांचून कोणासही होडींत पाऊल ठेवूं देऊं नये, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. वारा सुटला कीं होडी बंद, हा नियम धक्क्यावरील मनुष्याच्या हातीं पूर्णपणें असावा. पोहण्याची हौस भागविण्यासाठीं सांठ्यांत उतरूं न देतां वरच्या अंगास एक उथळ कुंड बांधून द्यावें. सांडव्याखालीं व मोरीजवळ कोणीही जाऊं नये, कारण तेथें पाणी केव्हां सोडलें जाईल याचा नेम नसतो.

गांवाचा विचार असा. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनींत कांहीं ठिकाणीं शेतकरी गाळपेर करितात. गुरें पाण्यावर येतात. कातकरी मासे धरतात. या जुन्या वहिवाटींस धक्का न लावतां बाकीची जागा आंखावी. तेथील प्रत्येक नोकरी, म्हणजे नावाड्याची, जीवरक्षकाची, झाडलोटीची व हिशेबनिसाची, प्रथम धरणग्रस्त कुटुंबांस मिळावी. पिठलें-भाकरी, भाजलेलीं कणसें, करवंदें व जांभळें विकण्याच्या टपऱ्या गांवच्या बायकांच्या बचतगटांकडे असाव्या. कर घ्यावयाचा तो मोटारीवर घ्यावा, एस. टी. नें किंवा पायीं येणाऱ्या मनुष्यावर नको. आणि त्या कराचा हिशेब दर वर्षीं ग्रामसभेपुढें मोठ्यानें वाचून दाखवावा.

राहिला पाहुणा. त्यास फार कांहीं लागत नाहीं. झाडाखालीं बसण्याचे ओटे, पिण्याचें स्वच्छ पाणी, स्त्रियांसाठीं दाराची कडी शाबूत असलेलें शौचगृह, लहान मुलांसाठीं कठड्याच्या आंतील मोकळी जागा, आणि संध्याकाळची परतीची बस चुकणार नाहीं असें वेळापत्रक, एवढें झालें तरी तो तृप्त होईल. त्याबरोबर त्यास एक मोठी पाटी वाचावयास मिळावी. तीवर नुसतें ‘सक्त मनाई’ असें न लिहितां, येथें पाणी किती खोल आहे, गाळ कोठें आहे, बुडालेल्या विहिरी व भिंती कोठें आहेत, रुतल्यास काय करावें, हें साध्या मराठींत व चित्रांसह लिहिलेलें असावें. तिच्याच शेजारीं दुसरी पाटी असावी, व तीवर या पाण्याखालीं गेलेल्या गांवांचीं नांवें असावींत. कारण सांगून घातलेली बंदी मनुष्य पाळतो. नुसत्या दटावणीस तो हंसतो.

कोणी म्हणतील कीं, पिण्याच्या पाण्याच्या बाबतींत एवढी जोखीम घ्यावीच कशाला? कुंपण घालून लोकांस दूर ठेवणें अधिक बरें. यावर आमचें उत्तर असें कीं, एवढ्या लांबीच्या कांठास कुंपण घालणें कोणासही साधलेलें नाहीं. लोक तेथें येत आहेतच. फक्त त्यांच्या येण्याची जबाबदारी कोणी घेत नाहीं. आणि दुसरें असें कीं, ज्यानें आपल्या नळाच्या पाण्याचा उगम कधीं पाहिलाच नाहीं, त्यास तें जपावेंसें तरी कां वाटावें? कोणी खर्चाची अडचण पुढें करितील. पण येथें राजवाड्यासारखें उद्यान कोणी मागत नाहीं. मुठा खोऱ्यांत नमुन्यादाखल एकच लहानशी जागा प्रथम करून पाहावी, तिच्या देखभालीचा पैसा आधीं बाजूस काढून ठेवावा, आणि तीन पावसाळे ती नीट चालली तरच दुसरीस हात घालावा.

धरण हें मनुष्याच्या बुद्धीचें मोठें कार्य खरें, तथापि त्याच्याशीं लगट करून चालत नाहीं, हें पुण्याच्या खोऱ्यांतील लोकांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं बांधकाम चालू असलेलें पानशेत धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणही गेलें, आणि पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत हाहाकार उडाला. त्या दिवशींच्या आठवणी सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. नव्या पिढीनें या पाण्याकडे केवळ चित्र काढून घेण्याची पार्श्वभूमि म्हणून न पाहतां, आदरानें पाहावें, अशी आमची इच्छा आहे.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुम्हांपैकीं कित्येक पुढें इंजिनियर व्हाल, कित्येक सरकारी कचेऱ्यांत बसाल, कोणी ग्रामपंचायतींत निवडून याल. अशा एखाद्या कांठाचा नकाशा केव्हां तरी तुमच्या मेजावर येईल. त्या वेळीं त्या नकाशावर सही करण्यापूर्वीं एक दिवस मोटार सोडून एस. टी. नें तेथें जा, आणि तेथें गुरें वळणारा जो कोणी भेटेल त्यास नमस्कार करून विचारा, “बाबा, येथें पाऊल कोठें ठेवावें आणि कोठें ठेवूं नये?” आमच्या वर्गांतील दोन मुलें आज हयात आहेत, तीं हें ज्यास ठाऊक होतें असा एक मनुष्य त्या दुपारीं जवळ होता म्हणून. असा मनुष्य प्रत्येक कांठावर असेलच असा भरंवसा धरून चालणें म्हणजे योजना नव्हे. तो तेथें नेमून ठेवणें ही योजना.

— एक शिक्षक